माझ्यापर्यंत न पोचलेली बादली

३ मार्च

चि. भिंगरीस,
आजीचा डोक्यावरून हात फिरवून आशीर्वाद.

आम्ही सगळे खुशाल. तुझं पत्र आलं, दोनदा वाचलं. एकदा चष्म्याने आणि एकदा रडत. फोन कर असं तुझा बाप म्हणतो, पण फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनानेच भरते, म्हणून कागदच बरा. माझं अक्षर मुंग्यांसारखं आहे, सांभाळून घे.

तू लिहितेस, त्या रविवारपासून तुझ्या होणाऱ्या सासूबाई लग्नाच्या तारखेचं नावच काढत नाहीत. लेकाने विचारलं तर नुसतं बघू म्हणतात. अगं, कशा काढतील? आपण सगळे त्यांच्याच घरी बसून त्यांच्याच चालण्याची नक्कल करून आलो!

तुझं खरं आहे, त्या मुक्या खुणांच्या खेळाची चिठ्ठी तूच लिहिलीस आणि त्यात वाईट काही नव्हतं. लिफ्ट बंद आहे, भरलेली बादली घेऊन जिना चढायचा, एवढंच. तोंडातून ब्र काढायचा नाही, रांगेत पाठमोरं उभं राहायचं आणि मागच्याने खांद्याला हात लावला की वळून त्याची खूण बघायची. पहिला तुझा होणारा नवरा, तो लिफ्टवाला. बंद लिफ्ट आणि जिने हा त्याचा तर रोजचाच धंदा, त्याने बादली अशी उचलली की मेला एका अंगाला पार वाकला. पण पुढे उभा तुझा बाप. घड्याळजी माणूस! जन्मभर चिमट्याने स्क्रू उचललेले हात ते, त्याने बादली दोन बोटांत धरली. तुझ्या आईला ती दिसलीच नाही, तिला दिसलं फक्त वाकणं. तिने कमरेवर हात ठेवला आणि पाय ओढला. माझ्यापर्यंत आलं नुसतं लंगडणं. बादली वाटेतच कुठेतरी राहिली बघ!

मला वाटलं, म्हातारी करायची असेल. मग काय, मी म्हातारी केली. तोंड वेडंवाकडं केलं, अंगणभर पाय ओढला. तू तर हसून खाली बसलीस. आणि नेमक्या त्याच वेळी विहीणबाई चहाचा ट्रे घेऊन दारात. बाई दिवसभर इस्त्रीच्या टेबलापाशी उभी असते, गुडघा कामातून गेलेला, ती चालते अगदी तश्शीच. ट्रे ठेवला आणि आत गेली. तुझ्या बापाचा चेहरा पडला, म्हणाला चला, आता थांबण्यात अर्थ नाही. चपला घालून निघालो. चहासुद्धा तसाच राहिला.

तू जीव जाळू नकोस. लंगडले मी, तर निस्तरीनही मीच. त्यांना माझ्या हाताने पत्र लिहिते. तुझा बाप नको म्हणतो, आगीत तेल ओतशील म्हणतो. मी त्याला सांगितलं, तू घड्याळं बघ.

जेवत जा नीट. आजीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आजी

१४ मार्च

ती. आजींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दुकानात आलं. वाचता वाचता इस्त्री एका साहेबाच्या सदऱ्यावर राहिली, बाहीवर तिचा ठसा उमटला. त्याला आता काय सांगू ते तुम्हीच कळवा.

माझी नक्कल? आजी, ते माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. माझं चालणं मला कुठं दिसतं? मी ट्रे घेऊन आले तर तुमचा हात कमरेवर, चेहरा पिळवटलेला, पाय फरफटत चाललेला, आणि आख्खं घर खो खो हसतंय. खेळ चाललाय हे मला कुणी सांगितलं होतं? मी स्वयंपाकघरात होते. मला वाटलं, तुमची कंबर धरली. ट्रे ठेवला आणि पाणी तापवायला धावले. शेकायची रबरी पिशवी भरून बाहेर येते तो तुम्ही सगळे फाटकाबाहेर. मी पिशवी हातात घेऊन वेड्यासारखी उभी.

राग आला होता, खोटं का बोलू? पण तो नकलेचा नव्हता. म्हटलं, सख्ख्या आजीला कळ आली तरी ही पोरगी खाली बसून हसते. उद्या माझा गुडघा मोडला तर टाळ्या वाजवील! म्हणून तारीख लांबवली. लेकही मूग गिळून बसला. मी नकलेवर चिडले असं त्यालाही वाटत होतं म्हणे. कालच कबूल झाला. दोघांनी कपाळाला हात लावला.

रविवारच्या पहिल्या गाडीने येते. पोरीला कळवा, तिच्याबद्दल भलतंच मनात आणलं त्याचं मला वाईट वाटतं. ते तिला समोर बसवूनही सांगीन.

आमच्यावरचा लोभ चहासारखा अर्धा टाकून जाऊ नका.
तुमची,
विहीण

२० मार्च

चि. भिंगरीस,
आजीचे पोतंभर आशीर्वाद, त्यातले निम्मे तुझ्या लिफ्टवाल्याला दे.

सुटलो गं बाई! छातीवरचा धोंडा उतरला. विहीणबाईंचं पत्र सोबत जोडलंय, ते आधी वाच, मग हे. तारीख ठरली, ती तुझा बाप वेगळी कळवील, मी लिहिली तर आकडा चुकेल.

त्या रविवारी आल्या. बसमधून उतरल्या त्या शेकायची पिशवी काखेत मारूनच. तुझी आई हसली, मग स्वतःच घाबरली, मग दोघी मिळून हसल्या. तुझ्या बापाला त्यांनी बादली नीट उचलून दाखवायला लावली. तीनदा दाखवली त्याने, तिन्ही वेळा ती चहाचा कपच वाटली. पुढच्या खेळात पहिला नंबर आपला, असं विहीणबाईंनी बजावलंय. मी म्हटलं, पण घड्याळजीला रांगेत घ्यायचं नाही.

आता एक गोष्ट फक्त तुला सांगते. दुपारी बाकीचे पडले होते, आम्ही दोघी ओट्यापाशी. त्यांनी हळूच विचारलं, आजी, खरं सांगा, त्या दिवशी कंबर दुखली की नाही? मी आधी उडवून लावलं. मग म्हटलं, हिच्यापासून काय लपवायचं. अगं, दुखली होती. दुसऱ्या का तिसऱ्या पावलाला अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तुम्ही एवढे हसत होतात, मला तो रंग मोडवेना. ते तोंड वेडंवाकडं केलेलं नव्हतं, ते झालेलं होतं.

सगळ्यांना खेळ दिसला. त्या बाईला माझी कंबर दिसली. माझं ऐकून त्यांनी पाणी तापवलं, पिशवी भरली आणि मला पालथं निजवलं.

तर आता तू खुशाल त्या घरात जा, मला घोर नाही. पिशवी इथेच ठेवून गेल्यात. लग्नात परत मागू नका म्हणावं त्यांना.

पत्र लवकर टाक, आणि हसायची सवय सोडू नकोस.
तुझी, पालथी पडून लिहिणारी
आजी