तुमचे बंधुराज बसत नाहीत

बक्कू गाव,
ईस्टरनंतरचा रविवार

प्रिय इस्मे वन्सं यांना मर्लचा सप्रेम नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. फोन केला असता, पण आमचं घर एवढंसं आणि तुमच्या बंधुराजांचे कान त्यांच्या बोकडापेक्षा तिखट. म्हणून हे पत्र.

प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरलाय हे तुम्हाला ठाऊकच आहे. डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं, बरा होणार नाही पण काही काळ आवरून धरता येईल म्हणाल्या, आणि उठता उठता एक वाक्य टाकलं की हिंडतेफिरते राहा. इतक्या वर्षांच्या संसारात माझं एक वाक्य ज्यांनी मनावर घेतलं नाही, त्यांनी बाईंचं हे मात्र शब्दशः घेतलं. तेव्हापासून हा माणूस बसलेला नाही. पहाटे बोकडाला समुद्रात पोहायला नेतात (बोकडाचं नाव बिशप, आपल्या पाद्रीबाबांना अजून कळलेलं नाही), मग कुंपण रंगवतात, रंग वाळायच्या आत तो आवडेनासा होतो म्हणून पुन्हा रंगवतात. कॅन्सर आवरायला दिलेल्या इंजेक्शनांनी अंगातून नुसत्या वाफा निघतात. मला पन्नाशीत तेच झालं तेव्हा नाटकं करतेस म्हणाले होते. आता खेकड्याच्या रश्शावरून उठून माझाच पंखा मागतात. मी देते. (जरा वाट बघायला लावून देते.)

आता ईस्टरच्या बोकडांच्या शर्यतीचं ऐका. अडुसष्टाव्या वर्षी तुमच्या भावाने बिशपची दोरी धरून स्वतः धावायचं ठरवलं, जिथे विशीतली पोरं धावतात तिथे. अनवाणी पाय आणि नियमाप्रमाणे पांढरी अर्धी चड्डी. (पांढरी! ज्याला घटकाघटकाला आडोसा शोधावा लागतो त्याने!) मी मैदानाच्या कडेला देवाचं नाव घेत उभी. सुटले तेव्हा बिशप पुढे, हे मागे, आणि खरं सांगते वन्सं, चांगले धावत होते. निम्म्यावर थांबले, दोरी सोडली आणि पंचांच्या तंबूमागे पळाले. बिशप एकटाच पहिला आला. माणसाविना जिंकलेला बोकड जिंकला धरायचा की नाही, यावर पंचांचं अजून एकमत झालेलं नाही. हे चड्डी सावरत बाहेर आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की आमच्या दोघांत तब्येत फक्त बिशपची चांगली आहे. अख्खं गाव हसलं. मीही हसले. (आमच्या घरात रडायला बंदी आहे. हुकूम त्यांचाच.)

संध्याकाळी मात्र ते गोठ्यामागे सापडले. भिंतीला टेकून, कंबर धरून उभे होते. मला पाहताच हातोडा उचलला आणि तिथे नसलेला खिळा ठोकायला लागले. मी म्हटलं, "अहो, जरा बसा की."

ते म्हणाले, "बसलो तर तेही शेजारी येऊन बसेल, मर्ल."

मी आत जाऊन त्यांना खरे खिळे आणून दिले.

बाकी क्षेम. गुडघ्यांना तेल चोळत जा.

तुमची वहिनी,
मर्ल

ता. क. वन्सं, पत्राचं खरं कारण आता लिहिते. तुमच्या छपराचे पत्रे सैल झालेत असं त्यांना कळवा (नसतील तर सैल करून घ्या) आणि आठ दिवस त्यांना तुमच्याकडे शार्लटव्हिलला बोलावून घ्या. मला रडायचंय, आणि घरात जागा नाही. न्हाणीघरात शिरावं तर लगेच दार वाजतं, त्यांचाही इलाज नसतो. चर्चमध्ये डोळे पुसले तर बायका सूप घेऊन घरी येतात, आणि हे दारातच त्यांना विचारतात, कोण गेलं म्हणून.

ता. ता. क. चिकटवलेलं पाकीट पुन्हा उघडलं. आठ दिवस फार होतात, वन्सं. सकाळच्या बसने पाठवते, संध्याकाळच्या बसने परत पाठवा. तेवढ्यात उरकते मी.