टेबलावर मूठ आपटा

३ मार्च, सकाळी
आजपासून रोजनिशी. मोजकं लिहायचं.
जुन्या मासिकात वाचलं. 'बिस्त्रो' म्हणजे छोटेखानी हॉटेल. परदेशी सैनिक तिथे टेबलावर मुठी आपटून 'लवकर, लवकर' ओरडायचे. त्यांच्या भाषेतल्या त्या 'लवकर'वरूनच हा शब्द आला म्हणे. अंगावर काटा आला. ठरलं, आपल्या हॉटेलाचं नाव आता हेच.
भागीदार म्हणजे माझा मेहुणा. कांदा चिरता चिरता म्हणाला, "दाजी, पाटी खुशाल बदला. माझ्या चुलीत लुडबुड नको."
स्वयंपाक सगळा त्याचाच. मला चहासुद्धा धड जमत नाही. शिकून घेईन. पुढच्या आठवड्यात.

६ मार्च
पाटी लागली. खाली माझी सूचना: 'भूक लागली? टेबलावर मूठ आपटा.' नाव घेतलं की ते पाळायला नको? लोक लाजत होते, म्हणून पहिली मूठ मीच आपटली. पेला फुटला. सुरुवात झकास.

८ मार्च, दुपारी
गिऱ्हाइकं खुलली. ट्रकवाल्याने टेबलाचा पाय मोडला. समोरच्या खाटकाच्या मांडीवर गरम सूप. खाटकाने त्याला कॉलरला धरून उचललं. ट्रकवाल्याचा दात पडला, सोडवताना माझा चष्मा गेला. एकंदरीत वातावरण घरगुती.
मेहुणा म्हणतो, मुठी बंद करा, नाहीतर मी चाललो. तापट आहे बिचारा. सकाळपर्यंत निवळेल.

९ मार्च
निवळला नाही. आज एकाने मूठ आपटताच पळी घेऊन बाहेर आला आणि त्याच्या बोटांवर हाणली. त्याने खुर्ची भिरकावली. मग कोण कोणाला मारतंय ते कळेना. शेवटी हिने झाडू घेतला. तिने भावाला झोडपलं, गिऱ्हाइकालाही. मलाही दोन बसले, चुकून असावेत.
टेबलाखाली लपलेले एक मास्तर म्हणाले, ती सैनिकांची गोष्ट ऐकीव आहे. शब्द कुठून आला यावर जाणकारांचंच एकमत नाही. मी पुरावा मागितला. ते म्हणाले, आधी मला बाहेर काढा.
मुद्दा ठसवायला मी दाराच्या चौकटीवर मूठ आपटली. वरून पाटी आली.

१२ मार्च, हॉस्पिटल
डाव्या हाताने लिहितोय. उजवा प्लास्टरमध्ये.
मेहुणा गेला नाही. पाटी उलटी करून 'खानावळ' रंगवलं म्हणे. माणसं गुपचूप जेवतात, गर्दीही आहे.
ही डबा घेऊन आली, उशिरा. भुकेने जीव चाललेला. सवयीने डावी मूठ उचलली. हिने नुसतं पाहिलं. मी मूठ हळूच खाली ठेवली.
सूप भरवताना मी विचारलं, मला कामावर कधी बोलावलंय?
ही म्हणाली, "त्याने निरोप दिलाय, दाजींना म्हणावं, अजिबात घाई करू नका."