कवडीचा ताप

मुरुड, ता. १२-१०-८६

चि. पंचशीलास आजी चांगुणाचा जयभीम आणि आशीर्वाद.

तुझ्या बापाला वाटायचं, पोरगी माणसांची डॉक्टरीण होईल. तू नांदेडच्या दवाखान्यात जनावरांचं रक्त बघत बसलीस. बरं झालं, कारण माझ्या तीन कोंबड्या मेल्या. तुरे पांढरेफटक, माना खाली. आता माझी कवडी कोंबडीबी तसंच करायली. जीव-बीव काही न्हाई तिच्यावर, पण तिच्यावानी राखण कुणी करत न्हाई.

लातूर जिल्हा झाला तरी टँकर आठ दिसांनीच येतो. मी रोजगार हमीच्या कामावर गेले की लोक माझ्या ड्रममधलं पाणी काढतात. म्हणून खुराडं ड्रमला खेटून ठेवलंय. कुणी हात लावला की कोंबड्या गल्ली गोळा करतात.

शेजारच्या अख्तरीनं उदगीरच्या बाजारातून कोंबडा आणला. दुखणं त्यानंच आणलं असं मी तिला तोंडावर बोलले. तिनं कोंबडा माझ्या मांडीत टाकला, म्हणली याचंबी रक्त धाड. तवापासून अबोला हाय. तू दिलेल्या काचांवर दोघांच्याबी तुऱ्याचं रक्त लावलंय. कवडीच्या काचेला दोरा बांधलाय. लोभ मागून दाखव, उत्तर आधी धाड.

चांगुणा

नांदेड, ता. १८-१०-८६

ती. आजीस सविनय जयभीम.

कवडीच्या रक्तात जंतू सापडले. हा कोंबड्यांचा हिवताप. माणसांना होत नाही. अख्तरी नानीच्या कोंबड्याच्या रक्तात काही दिसलं नाही. डास एकीचं रक्त पितात आणि दुसरीला चावतात. ते वाढले तुझ्या उघड्या ड्रममध्ये. चोरांवर पहारा म्हणून बसवलेल्या कोंबड्या तूच डासांच्या पंगतीला वाढल्यास. खुराडं हलव, ड्रमला कापड बांध. डॉक्टरांच्या गोळ्या सोबत आहेत. आणि नानीची माफी माग. जिभेवरचं औषध आमच्याकडे नाही.

जिव्हाळा असू दे.

तुझी पंचशीला

मुरुड, ता. २-११-८६

चि. पंचशीलास जयभीम.

ड्रमवर जुनं लुगडं ताणून बांधलं. माफी मागायची मला सवय न्हाई. तुझं पत्र अख्तरीच्या भिंतीपाशी उभं राहून मोठ्यानं वाचलं, कोंबड्याचं वाक्य दोनदा. अख्तरी आली, खुराडं उचललं, आपल्या ओसरीत नेऊन ठेवलं. गोळ्याबी तीच चारती. माझ्या हातानं कवडी चोच उघडत न्हाई, बेइमान.

अजून एक मेली. कवडी उठली. काल अंडं घातलं, ते अख्तरी घेऊन आली. मी म्हणलं, तुझ्या ओसरीत पडलं, तुझंच. याच्यापुढं मला माफी शिकवू नकोस.

आता मी कामावर गेले की ड्रमाच्या राखणीला अख्तरी बसती, येणाऱ्या-जाणाऱ्यावर दिवसभर ओरडती. कोंबड्या परवडल्या, त्या दमत तरी होत्या.

आहे तो लोभ सांभाळ.

चांगुणा