मोचीसंघाच्या सभागृहात बाबा

हॅल्टनबरो, ४ मार्च

ती. गिल्बर्टदादास,
सा. न. वि. वि.

बाबा गेले आणि तुझा पाय प्लास्टरमध्ये, तेव्हा सगळं माझ्यावर आलं. त्यांची एकच इच्छा होती. त्यांना पोचवून आल्यावर लोकांनी मोचीसंघाच्या जुन्या सभागृहात जमावं, बिअर प्यावी, हॅम सँडविच खावं. म्हणून पुढच्या शुक्रवारसाठी, १४ तारखेच्या, भाड्याची चौकशी करायला गेले. तिथल्या बाईंनी आधी अभिनंदन केलं, मग नवऱ्या मुलाचं नाव विचारलं. मी बाबांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, शनिवारी लग्न आहे, शुक्रवारी फुलवाले येणार, आणि शोकाने हॉलची शोभा जाते. शिवाय लाकडी जमीन जपायची म्हणून नाल मारलेले बूट आत चालत नाहीत. मोच्यांच्या सभागृहात. बाबांनी जन्मभर तसलेच शिवले.

लोभ असू द्यावा. त्याला तरी अनामत लागत नाही.
मेरिअन

अबर्डीन, ८ मार्च

चि. मेरिअनला अनेक आशीर्वाद आणि एक टपली.

अगं वेडे, आपल्याच घरात भाडेकरू म्हणून गेलीस? बाबा संघाचे बंधू, म्हणजे सभासद, होते, आणि सबंध संघात बूट शिवणारे तेवढेच. बाकीचे वकील आणि घरांचे दलाल. सभागृहातल्या शेकोटीच्या वरची जुनी पाटी आठव. बंधू वारला की त्याला पुरेपर्यंत आणि त्या रात्रीपर्यंत सभागृह त्याचं, आणि सगळ्या बंधूंनी त्याच्यामागून चालत जायचं. नवरानवरी तिच्याखाली फोटो काढतात, वाचत कोणी नाही. दंतवैद्य थॅकरे यंदा अध्यक्ष आहेत ना? त्यांनाच मोठ्याने वाचायला सांग. आयुष्यभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावलंय, एकदा त्यांनीही उघडावं.

लोभ वाढवावा, जमल्यास आवाजही.
गिल्बर्ट

हॅल्टनबरो, १५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

थॅकरेसाहेबांनी पाटी वाचली, दोनदा. फुलवाले आज पहाटे आले.

काल सगळे बंधू केसाळ काठांचे लाल झगे घालून बाबांच्या मागून टेकडी चढले. पायांत पातळ तळांचे चकचकीत बूट, आणि वर दफनभूमीत चिखल. उतरताना अध्यक्षांच्या एका बुटाचा तळ सुटला. सभागृहात ते फटफट करत शिरले. बाबांची गिऱ्हाइकं, ते टेकडीवरचे मेंढपाळ, नालांच्या बुटांनी त्या लाकडी जमिनीवर उभे होते. त्या बाई भिंतीकडे पाहत होत्या.

थॅकरेसाहेबांनी बूट हातात घेतला आणि बंधूंना विचारलं की कोणाला हा शिवता येतो का. सगळे आपापल्या ग्लासात बघू लागले. मी म्हटलं, "एकालाच येत होतं. त्यांना आत्ताच पुरून आलो."

प्लास्टर निघालं की ये. बाबांनी तुझे बूट शिवून ठेवलेत. नाल मारायचे तेवढे राहिले.

लोभ आहेच.
मेरिअन