बाइंडिंगवाल्या बाईंचा नंबर

प्रिय चिमे,

तुझं पत्र नाही, फोन नाही, त्यावरून तू खुशाल आहेस असं अनुमान काढलं. धूर दिसत नाही म्हणून आग नाही, हे तर्कशास्त्र कच्चं आहे. पण बापाला तेवढं पुरतं. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, त्याच्याकडे मी मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याकडे करायचो तसं दुर्लक्ष करतो.

बातमी अशी की आपला जाडजूड संस्कृत कोश अखेर निखळला. अर्धा पुठ्ठ्याला चिकटून, उरलेला सुटा. तुझी आई म्हणायचीच, एवढा छळ त्याचा दुसऱ्या कुणी केला नसता. तर पिशवीत घालून त्याला बाजारामागच्या बाइंडिंगच्या दुकानात नेलं. दुकान म्हणजे एक खोली, एक दाबयंत्र, खळीचं पातेलं आणि एक बाई. वय माझ्याच आसपास, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी शिवण पाहिली, मग मला पाहिलं. "वाचता की कुटता हो?" म्हणाल्या. चिमे, तीस वर्षं वर्गात मला कुणी उलट बोललं नव्हतं. फार बरं वाटलं.

त्यांची रीत अशी, की पुस्तकाला चिठ्ठी अडकवायची, तिच्यावर गिऱ्हाइकाने आपला नंबर लिहायचा आणि काम झालं की फोन त्या करणार. स्वतःचा नंबर कुणालाच देत नाहीत, कारण हात सदा खळीत. मी सुवाच्य अक्षरात नंबर लिहून दिला आणि पुढचे आठ दिवस, सांगायला लाज वाटते, मोबाइल घेऊन आंघोळीला गेलो. तो वाजतो तरी का, हे बघायला शेजाऱ्यांकडून दोनदा फोन करवून घेतला. नवव्या दिवशी उमगलं. मी चिठ्ठीवर घरच्या जुन्या फोनचा नंबर लिहून आलो होतो. तोच, जो आई गेल्यावर मी काढून टाकला, कारण तो वाजला की मी तिने उचलायची वाट बघत बसायचो.

तडक दुकान गाठलं. बाई कडाडल्या, "चार वेळा लावला! म्हटलं, कोश टाकून माणूस पळाला." चार वेळा! मी माफी मागितली आणि कारणही सांगितलं. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग बांधलेला कोश आणून माझ्या हातात ठेवला. आणि भरवर्गात मुलांना उभं करून प्रश्न विचारणारा तुझा बाप चाचरत म्हणाला, "तुमचा नंबर मिळेल का? कोशाचं काही अडलं तर…" बांधणी इतकी पक्की होती की पुढच्या दोन पिढ्या काही अडणार नव्हतं, हे दोघांनाही दिसत होतं.

बाईंनी हात पुसले. सावकाश, एकेक बोट. मग विचारलं, "घरी कोण कोण असतं?" मी म्हटलं, मी आणि माझा गुडघा, मुलगी परगावी. तेव्हा त्यांनी एक चिठ्ठी घेतली, नंबर लिहिला, घडी घातली आणि माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "आधी मुलीला सांगा. तिला बाहेरून कळलेलं मला चालणार नाही. मग खुशाल लावा."

म्हणून हे पत्र. फोनवरही सांगता आलं असतं, पण तू मध्येच गप्प झालीस तर ते ऐकायचं धैर्य नव्हतं. चिठ्ठी चार दिवस सदऱ्याच्या खिशात आहे. नंबर पाठ झालाय, लावलेला नाही. आईची जागा कुणाला द्यायची नाही, चिमे. तिची ती तिचीच. पण संध्याकाळी घरात स्वतःचाच खोकला ऐकून मी दचकतो हल्ली. तुझी हरकत असेल तर सविस्तर लिही, मी मुद्देसूद खंडन करीन. नसेल तर मात्र पत्राच्या भानगडीत पडू नकोस, टपालाला आठवडा लागतो. फोनच कर. आजच.

उत्तराभिलाषी,
तुझाच
बाबा