न टाकलेल्या चेंडूची व्यवस्था

प्रेअरी लीगमधून निवृत्त झालेल्या बेसबॉलपटूंनो, हे मृत्युपत्र वकिलापेक्षा तुमच्यासाठी अधिक आहे, म्हणून आधी तुमच्याशी बोलतो. आपल्यापैकी एकालाही कोणी विचारून निवृत्त केले नाही. खांदा गेला, गुडघा गेला, मालकाला स्वस्तातला पोरगा सापडला, की आपल्याला मैदानाच्या मधोमध उभे केले, टोपी हलवायला लावली आणि एक डुलती खुर्ची भेट दिली. ज्याने आपले उभे तारुण्य धावण्यात घालवले त्याला औषधपाणी नाही, दुसरे काम नाही. खुर्ची! म्हणजे, बस आता. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि आपण त्या खुर्च्या मोटारीच्या टपावर बांधून मुकाट्याने घरी आणल्या. आपले चुकले ते तिथे.

आता रीतसर. मी वेंडेल हावरकॅम्प, वय चौऱ्याहत्तर, धंदा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, राहणार ओटर बेंड, आयोवा, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकात किंवा भिडेत न येता हे लिहून ठेवतो. यापूर्वी रागाच्या भरात केलेली माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. धंद्यापुढे ‘निवृत्त’ हा शब्द घालावा असा वकिलाचा आग्रह होता. मी तो घातलेला नाही, कारण ते खरे नाही. का खरे नाही, ते चौथ्या कलमात येईल.

१. राहते घर, परसासकट, माझी पत्नी आयडेल हिला द्यावे. ते तिच्याच पगारातून उभे राहिले. मी तेव्हा संघाच्या बसमध्ये झोपलेला होतो.

२. मालवाहू गाडी, हत्यारांची पेटी आणि मासेमारीची होडी मुलगा ग्रँट याला. तो विमा विकतो आणि सभ्य माणूस आहे. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात ते मला कळलेले नाही, पण त्याचा आळ मी त्याच्यावर ठेवत नाही. माझी पुस्तके, म्हणजे रोमचा इतिहास, खाणकामगारांच्या संपांवरचे खंड आणि जुन्या वक्त्यांची भाषणे, गावातल्या न्हाव्याच्या दुकानात ठेवावीत. गळ्याशी वस्तरा असताना माणूस जागचा हलत नाही. असा श्रोता मला हयातीत मिळाला नाही.

३. निरोपाच्या दौऱ्यात गावोगावी मिळालेल्या सर्व डुलत्या खुर्च्या आमच्या संघाचे मालक कै. क्लिफर्ड ब्रँड्स्मा यांच्या वारसांना घरपोच द्याव्यात आणि दारातच मांडाव्यात, म्हणजे त्यांना घरात शिरता येणार नाही. एका गावाने खुर्चीऐवजी डुकरीण दिली होती. तिचे नाव मी लीगच्या अध्यक्षांवरून ठेवले. ती अध्यक्षांपेक्षा जास्त जगली आणि जास्त उपयोगी पडली. तिचा वंश सध्या परसामागच्या खोपट्यात आहे, तो चर्चच्या महिला मंडळाला द्यावा. नावे बदलू नयेत.

४. आता मुख्य मिळकत.

आमच्यात एक चाल आहे, तुम्हाला ती ठाऊकच आहे. उतार लागलेल्या खेळाडूला जुना संघ एका दिवसाच्या करारावर परत घेतो. त्याने एक सामना खेळायचा, रडायचे आणि त्या संघाचा म्हणून निवृत्त व्हायचे. खेळाडूंचा प्रतिनिधी या नात्याने मी अशा प्रत्येक करारात दोन वाक्ये घालायला लावली होती. पहिले असे, की करार त्या दिवशीचा सामना संपताक्षणी संपेल, त्याआधी नाही. मला एकदा सामना चालू असताना काढून टाकले होते आणि गणवेश तिथेच उतरवून घेतला होता. अर्ध्या चड्डीवर बसथांब्यावर उभा राहिलेला माणूस असे वाक्य लिहितोच. दुसरे असे, की हा करार उभय पक्षांच्या वारसांनाही बांधील राहील. ते वाक्य चांगले वाजते म्हणून घातले. दोन्हींचा मला आजही अभिमान आहे.

एकोणीसशे सत्त्याहत्तरच्या ऑगस्टात मी ओटर बेंडच्या संघाशी असा करार केला. पाहुणा संघ रेड फोर्कचा. त्यांचा रूफस पेल्टियर हा फलंदाजही त्याच दिवशी, तशाच करारावर, निवृत्त व्हायला आलेला. तिकिटे खपावीत म्हणून मालकांनी दोन म्हाताऱ्यांना अगदी शेवटी समोरासमोर आणले. शेवटचा डाव, आम्ही एका धावेने पुढे, त्यांचे तीनपैकी दोन गडी बाद. रूफस बाद झाला की सामना संपला, आणि सामना संपला की आम्ही दोघेही संपलो.

माझे दोन चेंडू त्याच्या बॅटीला लागले नाहीत. तिसराही हुकला असता तर तो बाद. पण तिसरा त्याने बॅटीने नुसता चाटवून रेषेबाहेर घालवला. असा बाहेर गेलेला चेंडू फलंदाजाला बाद करत नाही आणि सामना पुढे नेत नाही. तो पुन्हा टाकावा लागतो. रूफसने तिथेच बिऱ्हाड केले. मी टाकतो आहे, तो बाहेर घालवतो आहे. प्रेक्षक उठून जेवून आले. खांदा निखळायला आला तेव्हा मी त्याच्याजवळ चालत गेलो आणि म्हणालो, “रूफस, पुरे कर की रे आता.”

तो म्हणाला, “बाद झालो तर उद्या सकाळी उठून करू काय, तेवढं सांग. सांगितलंस तर पुढच्याच चेंडूला बाद होतो.”

मी कारखान्यांच्या फाटकांवर भाषणे केली आहेत. भर पावसात माणसांना तासभर उभे ठेवले आहे. त्या प्रश्नावर मी नुसता चेंडू पुसला. परत जागेवर गेलो आणि हात उचलला, तोच वादळाचा भोंगा झाला. अंपायर लोवेल शुटलर यांनी खेळ थांबवला आणि जाहीर केले की रेड फोर्कचा संघ पुन्हा येईल तेव्हा सामना याच चेंडूपासून पुढे चालू होईल. त्या हिवाळ्यात रेड फोर्कच्या मालकाने संघ मोडून मैदानावरचे दिवेसुद्धा विकले. संघ परत आला नाही. सामना संपला नाही. म्हणून करारही संपला नाही.

तेव्हापासून रूफस पेल्टियर आणि मी कायद्याने खेळाडू आहोत. रूफस तर आमच्याच गावात राहायला आला, म्हणे आयत्या वेळी धावपळ नको. धातूचा गुडघा घेऊन तो रोज पहाटे पळतो, कारण खेळाडूने तंदुरुस्त राहावे असे करारात आहे. तुमच्या निवृत्तांच्या वार्षिक जेवणाला खेळत्या माणसाला प्रवेश नाही, म्हणून आम्ही दोघे दर वर्षी बाहेर गाडीत बसून सँडविच खातो. तुमच्यापैकी काहींनी खिडकीतून भाजलेला मका पाठवला, त्यांचा मी आभारी आहे. ज्यांनी नुसताच हात हलवला, त्यांचीही आठवण आहे.

तुम्ही म्हणाल, दोघे जिवंत आहात, परसात जाऊन तो एक चेंडू टाकून मोकळे का होत नाही? दर उन्हाळ्यात ठरवतो. मी चेंडू टाकायच्या मातीच्या उंचवट्यावर उभा राहतो, रूफस बॅट घेतो, आणि दोघांपैकी एकाला काहीतरी काम आठवते.

यंदा लीगने पत्र धाडले. दोघांपैकी एका खेळाडूने, अथवा त्याच्या वारसाने, सही केली तरी तो सामना झालाच नाही असे मानून प्रकरण मिटवू. ग्रँट पेन घेऊन आला. “बाबा, करून टाका सही. तुम्ही रिटायर झालेले आहात हे सगळ्या गावाला माहीत आहे, एक तुम्ही सोडून.”

मी त्याला विचारले, की झालाच नाही म्हणजे काय? तो खांदा दुखला नाही? तो माणूस तिथे उभा नव्हता? त्यावर त्याने लीगचे कसे सोयीचे आहे ते समजावले. प्रेमाने समजावले. पण माझ्या पश्चात करार त्याच्या हाती गेला तर तो सही करणार हे मला दिसते आहे. त्या सहीने माझे काही बिघडणार नाही, मी गेलेलाच असेन. रूफस मात्र एका सकाळी उठेल आणि त्याला कळेल, की आपण खेळाडू नाही, निवृत्तही नाही, आपण घडलोच नाही. माणसाने खेळून बाहेर पडावे. कागदाने त्याला बाहेर काढू नये. हे मी जन्मभर बोललो, मरताना बदलणार नाही.

म्हणून तो करार, त्यातली माझी जागा आणि तो न टाकलेला चेंडू मी सर्वस्वी आयडेलला देतो. लीगच्या पत्रावर सही करण्याचा अधिकार ग्रँटला राहणार नाही. आयडेल इतकी वर्षे परसात माझे चेंडू झेलून परत फेकते आहे. तिचा परतीचा चेंडू माझ्यापेक्षा जास्त वळतो. हे मी लेखी प्रथमच मान्य करतो.

हे कलम तिला वाचून दाखवले तेव्हा तिने विचारले, “रूफसला सोपा टाकू का?”

मी म्हणालो, नको, त्याला कळेल.

“मग तो बाद होईल, वेंडेल.”

मी म्हणालो, होऊ दे. आणि रूफसचा जुना प्रश्न तिला सांगितला. तिने हातातले विणकामसुद्धा खाली ठेवले नाही.

“सकाळी उठून काय करणार म्हणजे? तो परसातला उंचवटा खणून मी टोमॅटो लावणार आहे. पहाटे पाणी घालायला माणूस नको का? नाहीतरी तो उठलेलाच असतो.”

५. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून अंपायर लोवेल शुटलर यांची नेमणूक करतो. त्यांना आता दिसत नाही अशी हरकत कोणी घेईल. तेव्हाही फारसे दिसत नव्हते.

राहिले तुम्ही. नियमाप्रमाणे मैदानात नऊ माणसे उभी असल्याशिवाय चेंडू टाकता येत नाही. आयडेल धरून एक झाली. त्या दिवशीचे ओटर बेंडचे जे कोणी उरला असाल ते, आणि कमी पडलात तर बाकीच्यांपैकी कोणीही, माझ्या दफनानंतरच्या पहिल्या रविवारी दुपारी आपापला ग्लव्ह घेऊन जुन्या मैदानावर या. डाव्या बाजूला आता मका आहे. तिथल्याने मक्यात उभे राहावे. भाषण कोणी करू नये. आपापल्या जागेवर जा आणि अंपायरने हाक देईपर्यंत तिथेच उभे राहा.

सही: वेंडेल हावरकॅम्प
ओटर बेंड, आयोवा. १२ जून २०११

साक्षीदार:

लोवेल शुटलर, अंपायर. मजकूर मला वाचून दाखवण्यात आला. लिहिणारा शुद्धीवर आहे. माझ्या नजरेबद्दलचा मजकूर चुकीचा आहे.

रूफस पेल्टियर, फलंदाज. सही माझ्यासमोर झाली. रविवारी येईन. आयडेलला सांगा, सरावाला लाग.