सुनूच्या हातावरचे तीन डाग

५ डिसें. ९४, पिंपळी
कॉलेज सुटलं. म्हणजे मीच सोडलं. सुनंदाशी लग्न करायचंय मला; वर्गातला एकजण तिच्या बापाला महारोगी म्हणाला, त्याचा दात पाडला. सर म्हणाले, माफी माग. मागत नसतो.
आईचंही तेच. "डाळजच्या सोपानरावाच्या अंगभर गाठी हायत. त्या घरची पोरगी न्हाय आणायची. आपल्यात उठंल."
सुनूच्या हातावर चहाच्या रंगाचे तीन डाग आहेत. तिची आई म्हणते, पोटुशी असताना ग्रहणात विळीवर भाजी चिरली, म्हणून. मला आवडतात. मोजून ठेवलेत.

८ डिसें.
सोपानरावांना मोटरसायकलवर बसवून बारामतीला, कातडीच्या डॉक्टरकडे. सुनू एस्टीनं आली.
डॉक्टरनं गाठ बोटानं दाबली, बटणासारखी आत गेली. मग टाचणी. "टोचतंय?"
"टोचतंय की वो! माणूस हाय, पोतं न्हाय."
"महारोग नाही. कुणाला लागतही नाही."
मी ओरडलोच तिथं. दात पडलेल्याला आणून ऐकवायला हवं होतं.
तेवढ्यात डॉक्टरची नजर सुनूच्या हातावर. "असे आणखी आहेत?"
ती खाली बघून, "हायत."
नर्सबाई तिला पडद्याआड घेऊन गेल्या. मोजताना ऐकू येत होतं. चार... पाच... सहा... अकरापर्यंत. "काखेत बारीक ठिपके पण आहेत, सर."
मी तीनच...

९ डिसें.
काल पुढं लिहवलं नाही. चिठ्ठीवर नाव आहे, न्यूरोफायब्रोमॅटोसिस. तोंडात बसत नाही. बापाकडून आलंय. सहा डाग भरले आणि बाप असा, मग शंका नाही म्हणे. गाठी किती येतील, कधी, सांगता येत नाही. कुणाला काहीच त्रास नाही, कुणाला फार. डोळे तपासत राहायचे. मुळावर औषध नाही. तिला होणाऱ्या दर पोराला रुपयात आठ आणे शक्यता.
सोपानराव एवढंच बोलले, "म्हंजी मीच दिलं व्हय पोरीला?"
सहा महिने त्या हाताकडं बघतोय मी. काय बघत होतो?

१० डिसें., शनि.
आईला सांगितलं, महारोग नाही, लागत नाही. आई खूश. उद्याच आत्याला घेऊन मुलगी बघायला निघाली.
डाळजला गेलो. सुनूनं पहिलं हेच विचारलं, "आईला आठ आण्याचं सांगितलंस?"
"सांगतो."
"दात पाडाया हात लगीच उठला. आता जीभ उठंना व्हय? आन तुझं काय? तुला चालतंय?"
चालतंय म्हणालो. फार पटकन म्हणालो. तिलाही कळलं ते.
घरी आई ओटीचा नारळ पुसत बसलेली. "पोरीच्या अंगावर डागबिग न्हाय ना रं?"
म्हणालो, "आई, नारळ ठेव जरा खाली."